दाहक आंत्रविकार आणि सूज उतरवणारी औषधे

दाहक आंत्रविकार म्हणजे आतड्याच्या अस्तराला वारंवार सूज येऊन तेथे व्रण पडणे. डॉक्टरांच्या बोलण्यात या गटाला ‘आयबीडी’ म्हणतात. अल्सरेटिव्ह कोलायटिस व क्रोन्स हे त्यातील दोन मुख्य आजार आहेत. कोलायटिस मोठ्या आतड्यापुरता राहतो आणि गुदाशयापासून वर सरकतो. क्रोन्स तोंडापासून गुदद्वारापर्यंत कोठेही होऊ शकतो, मात्र लहान आतड्याच्या शेवटच्या भागात तो अधिक आढळतो. रक्त-आव मिसळलेले जुलाब, पोटात कळा, वजन घटणे, रक्तक्षय व थकवा ही प्रमुख लक्षणे आहेत. आजार काही काळ शांत राहतो व पुन्हा उसळतो. या रुग्णांच्या हाती सूज उतरवणारी दोन प्रकारची औषधे येतात. आतड्यासाठीची औषधे नेमाने घ्यावी लागतात, तर सांधे-स्नायूंच्या दुखण्यावरच्या बऱ्याच गोळ्या शक्यतो टाळाव्या लागतात. पिंपरी-चिंचवड व चाकण औद्योगिक पट्ट्यात ही दोन्ही औषधे एकाच माणसाच्या खिशात येण्याचा संभव मोठा असल्याने येथे त्यांचा एकत्र विचार केला आहे.

व्याप्ती. हा पाश्चात्त्यांचा आजार आहे, असा पूर्वी समज होता. पंजाबात लुधियाना परिसरात झालेल्या व २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत दर लाख लोकसंख्येमागे ४४.३ जणांना अल्सरेटिव्ह कोलायटिस असल्याचे दिसले आणि तो समज मागे पडला. आजार बहुधा विशीपासून चाळिशीच्या आत सुरू होतो. भोसरी, चिंचवड, म्हाळुंगे, खराबवाडी, निघोजे येथील वाहन व सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यांत पाळ्यांवर राबणारा वर्ग नेमका याच वयाचा आहे.

वेदनाशामके : धोका कशामुळे? डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन, ॲसिक्लोफिनॅक, नॅप्रोक्सेन, मेफेनॅमिक ॲसिड, केटोरोलॅक व निमेसुलाइड ही स्टेरॉइड नसलेली सूजरोधक वेदनाशामके आहेत. ती शरीरात प्रोस्टाग्लँडिन तयार होण्यास अडथळा आणतात, त्यामुळे वेदना व सूज कमी होते. पण आतड्याच्या अस्तरावरचा श्लेष्माचा थर आणि त्याचा रक्तपुरवठा टिकवण्याचे काम हेच प्रोस्टाग्लँडिन करतात. निरोगी माणसाच्या आतड्यालाही या गोळ्यांनी व्रण पडू शकतात. ज्याचे अस्तर आधीच नाजूक आहे, त्याचा शांत असलेला आजार त्यामुळे उसळू शकतो. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आजार शांत असलेल्या रुग्णांना अशी औषधे दिली असता १७ ते २८ टक्के जणांचा आजार नऊ दिवसांच्या आत उसळला. म्हणजे प्रत्येकालाच त्रास होतो असे नाही, पण कोणाला होईल हे आधी सांगता येत नाही.

गोळीऐवजी इंजेक्शन घेतले म्हणजे आतडे वाचते, हा समज चुकीचा आहे, कारण औषध रक्तातूनही आतड्यापर्यंत पोचते. सोबत दिलेल्या पॅन्टोप्राझोलसारख्या पित्ताच्या गोळीने जठराचे रक्षण होते, खालच्या आतड्याचे होत नाही. त्वचेवर लावायच्या डायक्लोफिनॅक जेलमधून रक्तात फार थोडे औषध जाते, त्यामुळे एखाद्या सांध्याच्या किंवा मुरगळीच्या दुखण्यावर ते तुलनेने बरे.

पट्टीच्या मागची बाजू. भारतात ही औषधे बहुधा मिश्रण करून विकली जातात आणि नावावरून आतले औषध कळत नाही. दुकानात सर्रास मिळणाऱ्या एका प्रकारच्या गोळीत ॲसिक्लोफिनॅक १०० मिग्रॅ, पॅरासिटामॉल ३२५ मिग्रॅ आणि सेराशिओपेप्टिडेज १५ मिग्रॅ असे तीन घटक असतात. कॉम्बिफ्लाममध्ये आयब्युप्रोफेन ४०० मिग्रॅ व पॅरासिटामॉल ३२५ मिग्रॅ असते. सर्वांत फसवी ठरते ती पोटदुखीची गोळी. मासिक पाळीच्या दुखण्यासाठी व पोटातल्या मुरड्यासाठी घराघरांत असलेल्या मेफ्टाल-स्पासमध्ये डायसायक्लोमिन १० मिग्रॅ असते आणि त्यासोबत मेफेनॅमिक ॲसिड २५० मिग्रॅ. पोट दुखते म्हणून कोलायटिसच्या रुग्णाने ती घेतली, तर आजार उसळवू शकणारे औषधच पोटात जाते. शिवाय आजार तीव्र असताना डायसायक्लोमिनने आतड्याची हालचाल मंदावून आतडे धोकादायकरीत्या फुगू शकते. जुलाब थांबवणाऱ्या लोपेरामाइडलाही हेच लागू आहे.

पर्याय. ताप, डोकेदुखी व अंगदुखीसाठी पॅरासिटामॉल ही पहिली निवड असते. प्रौढाने दिवसभरात सगळ्या गोळ्या मिळून ४ ग्रॅमची मर्यादा ओलांडू नये. अनेक डॉक्टर ३ ग्रॅमवरच थांबायला सांगतात. यकृताचा आजार असेल किंवा नियमित मद्यपान असेल, तर मर्यादा आणखी खाली येते. मिश्रणांतले पॅरासिटामॉलही या हिशेबात धरावे. वेदनाशामकाशिवाय चालतच नसेल, तर आजार शांत असताना थोड्या दिवसांसाठी सेलेकॉक्सिब देता येते. कोलायटिसच्या शांत अवस्थेत दोन आठवडे घेतलेल्या सेलेकॉक्सिबने आजार उसळण्याचे प्रमाण वाढले नाही, असे चाचणीत दिसले आहे. पण हा निर्णय पोटविकारतज्ज्ञाला विचारूनच घ्यायचा. हृदयासाठी दिलेली कमी मात्रेची ॲस्पिरिन मात्र भीतीपोटी परस्पर बंद करू नये.

सांधेदुखीचे मूळ अनेकदा आतड्यातच असते. या आजारात गुडघे, घोटे, कंबर व मणक्याच्या सांध्यांना सूज येऊ शकते. पहाटे आखडलेली व हालचालीने मोकळी होणारी कंबर ही यंत्रावर उभे राहून दुखणाऱ्या कंबरेपेक्षा वेगळी असते. ती हाडांच्या डॉक्टरांना दाखवताना पोटाचा आजारही सांगितला, तर उपचारच बदलतो.

आतड्यासाठीची औषधे. स्वीडनमधील डॉक्टर नाना स्वार्ट्झ यांच्या पुढाकाराने सल्फासॅलॅझिन हे औषध पुढे आले व १९४०च्या दशकात वापरात आले. त्यातला गुणकारी भाग मेसालामिन असल्याचे आझाद खान, पिरिस व ट्रूलव्ह यांनी १९७७ मध्ये दाखवले. सौम्य व मध्यम कोलायटिसमध्ये आजही मेसालामिन हाच उपचाराचा पाया आहे. क्रोन्समध्ये त्याचा उपयोग मर्यादित आहे.

मेसालामिनच्या गोळीवरचे आवरण आतड्याच्या ठरावीक भागात विरघळते, म्हणून ती फोडू, चावू किंवा कुटू नये. शौचात रिकामे टरफल दिसले तर घाबरू नये, पण अख्खी गोळी वारंवार दिसली तर डॉक्टरांना सांगावे. आजार गुदाशयापुरता असेल, तर रात्री घ्यायची सपोझिटरी गोळीपेक्षा चांगले काम करते. डाव्या बाजूच्या कोलायटिसमध्ये एनिमा डाव्या कुशीवर झोपून घेतात. कोलायटिसमध्ये दिवसाची सगळी मात्रा एकदम घेतली तरी परिणाम तोच मिळतो, त्यामुळे पाळी बदलणाऱ्यांना डॉक्टरांकडून एकच वेळ ठरवून घेता येते. बरे वाटू लागले की गोळी सोडणे ही सर्वांत मोठी चूक आहे. नेम न पाळणाऱ्यांत आजार उसळण्याचा धोका पाचपटींहून अधिक असल्याचे एका अभ्यासात आढळले.

मेसालामिनने क्वचित मूत्रपिंडाला इजा होते. त्यामुळे औषध सुरू करण्यापूर्वी, नंतर काही महिन्यांनी व पुढे दरवर्षी क्रिएटिनिन तपासतात. पहिल्या काही आठवड्यांत ताप व रक्ताचे जुलाब वाढले, तर औषधच सोसत नसण्याची शक्यता असते. सल्फासॅलॅझिनने लघवी नारिंगी होते. पुरुषांत शुक्राणू कमी होतात, पण औषध थांबवल्यावर ते पूर्ववत होतात. त्यासोबत फोलिक ॲसिड देतात. सल्फाची ॲलर्जी असणाऱ्यांनी सल्फासॅलॅझिन घेऊ नये.

स्टेरॉइड. ट्रूलव्ह व विट्स यांनी १९५५ मध्ये कॉर्टिसोनचा उपयोग चाचणीने सिद्ध केला. प्रेडनिसोलोन उसळी आवरते, पण आजार शांत ठेवण्यासाठी ते वापरत नाहीत. साधारण ४० मिग्रॅपासून सुरुवात करून काही आठवड्यांत मात्रा उतरवत नेतात. काही आठवडे घेतलेले स्टेरॉइड अचानक थांबवले, तर शरीराला स्वतःचे स्टेरॉइड वेळेवर तयार करता येत नाही, रक्तदाब कोसळू शकतो. साखर, रक्तदाब, हाडांची झीज व जंतुसंसर्ग यांवर लक्ष ठेवावे लागते, तसेच कॅल्शियम व ड जीवनसत्त्व द्यावे लागते. जुनी चिठ्ठी दाखवून मेडिकलमधून तोच कोर्स पुन्हा घेणे घातक आहे. आमांशाच्या अमिबांमुळे किंवा आतड्याच्या क्षयामुळेही अशीच लक्षणे दिसतात आणि त्यांत स्टेरॉइडने आतडे फुटण्यापर्यंत मजल जाऊ शकते. क्रोन्स व आतड्याचा क्षय यांतला फरक भारतात अनुभवी डॉक्टरांनाही सहज करता येत नाही.

पुढचे टप्पे. प्रतिकारशक्ती दाबणारे ॲझाथायोप्रिन घेताना रक्तपेशींची तपासणी सुरुवातीला वरचेवर करतात. एनयूडीटी-१५ या जनुकातील बदल भारतीयांत बऱ्यापैकी आढळतो व त्यात पांढऱ्या पेशी झपाट्याने घटू शकतात. प्रतिकारशक्ती दाबणाऱ्याच इन्फ्लिक्सिमॅब, ॲडालिमुमॅब व टोफासिटिनिब यांच्यापूर्वी छातीचा एक्स-रे आणि दबलेल्या क्षयाची चाचणी करतात. भारतीय बनावटीचे ॲडालिमुमॅब डिसेंबर २०१४ मध्ये बाजारात आले आणि खर्च उतरू लागला.

औद्योगिक पट्ट्यातील परिस्थिती. या पट्ट्यात कामाची धाटणी आणि आजाराचा स्वभाव यांची सांगड नीट बसत नाही. ओतकाम, फोर्जिंग व पेंट शॉपच्या उष्णतेत घाम जातो, जुलाबाने आणखी पाणी जाते आणि त्यात वेदनाशामक घेतले की मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा घटतो. मेसालामिन चालू असेल तर ही काळजी दुप्पट. चाकणच्या तळेगाव चौकातील कोंडीत बस अडकली तर काय, या धास्तीने लोपेरामाइड घेऊन निघण्याचा मोह होतो. तो उसळीच्या काळात आवरलाच पाहिजे. २०२४च्या पावसाळ्यात पुणे परिसरात चिकुनगुन्याचे रुग्ण वाढले होते. त्या तापानंतर सांधे महिनोन्महिने दुखतात आणि वेदनाशामकांचे कोर्स लांबतात. डेंग्यूची शंका असेल तर ही औषधे रक्तस्रावाच्या भीतीने सर्वांनीच टाळायची असतात.

कारखाने अधिनियम, १९४८ याच्या ४५व्या कलमाने कारखान्यात प्रथमोपचार पेटी आणि पाचशेहून अधिक कामगार असल्यास उपचारकक्ष बंधनकारक केला. रात्रपाळीत कंबर धरली की कामगार तेथेच जातो. तेथील नर्सला आजार ठाऊक असणे म्हणूनच महत्त्वाचे आहे. साहेबाला सर्व सांगायची गरज नाही. ‘आतड्याचा दाहक आजार, वेदनाशामक देऊ नये, पॅरासिटामॉल चालते’ एवढी नोंद वैद्यकीय कार्डावर पुरते. कंत्राटदार बदलला की नोंद पुन्हा करून घ्यावी. कर्मचारी राज्य विमा योजनेत २०१७ पासून मासिक वेतनमर्यादा २१,००० रुपये आहे. या योजनेत उपचार मिळतात आणि आजारपणाच्या रजेत वर्षाला ९१ दिवसांपर्यंत वेतनाच्या ७० टक्के रक्कम मिळते. उसळीत रजा घेणे हा वेदनाशामक घेऊन पाळी ओढण्यापेक्षा स्वस्त मार्ग आहे.

आतड्याची सूज मोजण्यासाठी शौचातील कॅल्प्रोटेक्टिनची तपासणी करायची असेल, तर आधीच्या काही आठवड्यांत घेतलेली वेदनाशामके डॉक्टरांना सांगावीत. त्यांनीही हा आकडा वाढतो आणि नसलेली उसळी दिसते.

तातडीची लक्षणे. दिवसातून सहा किंवा अधिक वेळा रक्ताचे जुलाब होत असतील आणि त्यासोबत नाडी ९०च्या वर, ताप ३७.८ अंश सेल्सिअसच्या वर किंवा हिमोग्लोबिन १०.५च्या खाली असेल, तर तो तीव्र झटका मानतात. हे निकष ट्रूलव्ह व विट्स यांचे असून आजही वापरात आहेत. अशा वेळी, तसेच पोट फुगून कडक झाल्यास, घरी गोळ्या बदलत बसू नये. चाकणच्या ग्रामीण रुग्णालयात प्राथमिक उपचार घेऊन पिंपरीच्या यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालयासारख्या मोठ्या रुग्णालयात जावे. शिरेतून स्टेरॉइड, रक्त व गरज पडल्यास शस्त्रक्रिया हे उपचार तेथेच होऊ शकतात. जाताना गेल्या पंधरा दिवसांत घेतलेल्या सर्व गोळ्यांच्या पट्ट्या, रिकाम्या झालेल्याही, बरोबर न्याव्यात.