नारायणगावच्या विठाबाई



भोर-वेल्ह्यात लावणी म्हटलं की आधी भाताची आठवते. आज मात्र गाण्यातल्या लावणीबद्दल बोलू, आणि ती गाजवणाऱ्या विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर यांच्याबद्दल.

विठाबाईंचा जन्म १९३५ सालचा, पंढरपूरचा. घराणं आपल्याच जिल्ह्यातलं, जुन्नर तालुक्यातल्या नारायणगावचं. वडील भाऊ आणि चुलते बापू यांचा तमाशाचा फड होता. पूर्वी तमाशात बाईचं सोंगसुद्धा पुरुषच घ्यायचे. पवळाबाई हिवरगावकरांसारख्या बायांनी आधी वाट पाडली होती. विठाबाई लहानपणीच बोर्डावर उभ्या राहिल्या. गवळण, लावणी, वग, सगळं फडातच शिकल्या. आवाज खडा, शेवटच्या रांगेपर्यंत पोचणारा. पुढे त्यांनी स्वतःच्या नावाचा फड चालवला. १९६२ च्या चीन युद्धात त्या सीमेवरच्या जवानांपुढेही नाचल्या-गायल्या.

त्यांची एक गोष्ट सगळीकडे सांगतात. दिवस भरलेले, तरी त्या बोर्डावर नाचत होत्या. मध्येच कळा सुरू झाल्या. त्या आत गेल्या, बाळंत झाल्या, दगडाने नाळ तोडली आणि पुन्हा नाचायला उभ्या राहायला निघाल्या. लोकांना कळलं तेव्हा त्यांनीच हात जोडून खेळ थांबवायला लावला.

ही गोष्ट ऐकली की लोक वाहवा करतात. मला मात्र वाटतं, नवव्या महिन्यात त्या नाचत का होत्या, हे आधी विचारावं. खेळ बुडाला तर ढोलकीवाल्यापासून स्वयंपाकिणीपर्यंत साऱ्या फडाचं पोट अडतं. पोटुशी असताना चिखलात वाकून भात लावलेल्या बाईला हे वेगळं समजवायला नको. आणि फडात बाळंतपणाची भरपगारी रजा कोण देणार?

१९९० साली त्यांना राष्ट्रपतींच्या हस्ते पुरस्कार मिळाला. पण म्हातारपण हलाखीतच गेलं. जानेवारी २००२ मध्ये त्या वारल्या. दवाखान्याच्या बिलासाठीसुद्धा लोकांनी हातभार लावावा लागला. त्यानंतर राज्य सरकारने २००६ पासून त्यांच्याच नावाने तमाशा कलावंतांसाठी जीवनगौरव पुरस्कार सुरू केला. तो पुढे त्यांची लेक मंगला बनसोडे यांनाही मिळाला. त्याही फडाच्या मालकीण.

आजही यात्रांचा हंगाम आला की नारायणगावात फडांच्या राहुट्या पडतात. गावोगावच्या यात्रा कमिटीची मंडळी तिथे सुपारी ठरवायला जातात. आपल्या गावच्या कमिटीत बाया किती, ते मोजून पुढच्या बैठकीत सांगा.