योद्ध्यांचे वर्ग : मराठा सैन्यरचनेतून भूमिकाखेळाकडे

कल्पित जगात घडणाऱ्या भूमिकाखेळात प्रत्येक खेळाडू एक पात्र धारण करतो आणि त्या पात्राचा एक वर्ग ठरलेला असतो. १९७४ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ या खेळात असे तीनच वर्ग होते : लढवय्या, जादूगार आणि धर्मोपासक. पुढे लढवय्यांचेच अनेक प्रकार निघाले आणि खेळ रचणाऱ्यांपुढे एक अडचण उभी राहिली. एकाच्या हाती तलवार, दुसऱ्याच्या हाती भाला, एवढ्यावर दोन योद्धे खऱ्या अर्थाने वेगळे ठरत नाहीत. मग वेगळेपण कशात शोधावे? या प्रश्नाचे उत्तर मराठ्यांच्या सैन्यरचनेत सापडते.

त्यासाठी मध्य प्रदेशातील बुऱ्हाणपूर जिल्ह्याची भूमी सोयीची आहे. चांदनी हे गाव याच जिल्ह्यातले आणि दख्खनचा दरवाजा म्हणून ओळखला जाणारा असीरगडही इथलाच. १७६० मध्ये उदगीरच्या लढाईनंतर हा किल्ला मराठ्यांकडे आला. ९ एप्रिल १८१९ रोजी तो इंग्रजांच्या हाती पडला आणि तिसरे इंग्रज-मराठा युद्ध संपले. या साठ वर्षांत मराठी फौजेतील जवळजवळ सर्व प्रकारचे योद्धे या मुलखाने पाहिले.

बारगीर आणि शिलेदार

दोघेही घोडेस्वार आणि दोघांची शस्त्रेही सारखीच. फरक एवढाच की बारगिराचा घोडा सरकारी पागेतला, तर शिलेदाराचा स्वतःचा. सभासद बखरीनुसार शिवकाळात पंचवीस बारगिरांवर एक हवालदार असे आणि त्यांच्या दिमतीला पखालजी व नालबंद दिलेले असत. घोडा पडला तर नुकसान सरकारचे, म्हणून बारगीर निःशंकपणे शत्रूवर धावून जाई. मात्र त्याच्यावर शिस्तीचा बडगा असे आणि मोहिमेतील लूट सरकारजमा करावी लागे.

शिलेदार तुलनेने स्वतंत्र होता. घोडा पडला की त्याची उपजीविकाच बुडे, त्यामुळे तोफांच्या माऱ्यात घोडा घालण्यापूर्वी तो दहादा विचार करी. खेळात या दोघांना बळाचे गुण सारखेच द्यावेत, पण हानीचे मोल वेगळे ठेवावे. तेवढ्याने दोन्ही खेळाडूंचे निर्णय आपोआप निराळे होतील.

मावळा

पायदळाचा हा गडी डोंगर, रात्र आणि अडचणीची वाट यांवर विसंबतो. त्याचे सामर्थ्य भूप्रदेशात आहे, मोकळ्या मैदानात तो दुबळा ठरतो. भूगोल जाणून लढण्याचे उदाहरण गोव्याला परके नाही. नोव्हेंबर १६८३ मध्ये संभाजी महाराजांच्या सैन्याने ओहोटीची वेळ साधून जुवे बेटावरील किल्ला घेतला होता. असा वर्ग रचताना भूमी, भरती-ओहोटी आणि काळवेळ यांचे नियम खेळात आधी हवेत, नाहीतर मावळा नावापुरताच उरेल.

गारदी

गारदी म्हणजे पाश्चात्त्य पद्धतीची कवायत शिकलेला बंदुकधारी शिपाई. बुसीच्या फ्रेंच पद्धतीत तयार झालेला इब्राहिमखान गारदी १७६१ मध्ये पानिपतावर मराठ्यांच्या बाजूने लढला. गारद्यांची रांग अभंग असेपर्यंत तिच्यासमोर घोडदळाचा निभाव लागणे कठीण. पण ही रांग संथ असते आणि रोख पगारावर जगते. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात शिरून नारायणराव पेशव्यांचा खून करणारे गारदी थकलेल्या पगाराची मागणी करीतच आत आले होते. खेळात या वर्गाची मर्यादा तलवारीच्या धारेत नसून खजिन्यात असावी : पगार थकला की निष्ठा ढळू लागते.

पेंढारी

पेंढाऱ्याला पगार नसे. तो लुटीवर जगे आणि उलट सरदारालाच पालपट्टी नावाचा कर भरी. तंबू नाही, सामान नाही, त्यामुळे त्याच्याइतके वेगवान कोणी नाही. समोरासमोरच्या लढाईत मात्र तो उभा राहत नाही आणि संकटात त्याला आसराही मिळत नाही. चितू पेंढारी याचा शेवट असाच झाला. इंग्रज फौजा मागे लागल्या असताना असीरगडाच्या आसपासच्या जंगलात वाघाने त्याचा बळी घेतला.

वर्ग एकत्र आणताना

वर्ग वेगळे करणे हे निम्मेच काम आहे. पानिपतावर गारद्यांच्या बंदुका आणि तोफांना धरून संथपणे सरकणारी गोलाची लढाई योजली होती, तर मल्हारराव होळकरांसारख्या जुन्या सरदारांचा भर गनिमी काव्यावर होता. दोन्ही पद्धती आपापल्या जागी योग्यच होत्या, पण एकाच रणांगणावर त्यांचा मेळ बसला नाही. खेळात हा ताण लपवू नये. बारगिराने धाव घेतली तर गारद्याची रांग झाकली जावी, गारदी थांबला तर पेंढाऱ्याचा वेग वाया जावा. अशा वेळी खेळाडूंना आपसांत बोलून मार्ग काढावा लागतो आणि खेळाचा खरा आनंद तिथेच असतो.

रचना पुरी झाल्यावर एक कसोटी लावून पाहावी. प्रत्येक पात्राच्या हातातले शस्त्र काढून घ्यावे आणि चार प्रश्न विचारावेत : घोडा कोणाचा, पोट कशावर भरते, हरल्यास काय गमावतो आणि कोणती गोष्ट त्याच्याने कधीच होणार नाही? चारही उत्तरे जुळणारे दोन वर्ग नावाने वेगळे असले तरी एकच आहेत, त्यांतला एक गाळावा. उत्तरे भिन्न आली तर सर्वांच्या हाती एकच तलवार दिली तरी बिघडत नाही.