जात्याभोवतीची माणसे

निपाणीच्या आमच्या घरी पहाटे दळताना आजी मराठीत ओवी म्हणे आणि समोर बसलेली चिकोडीकडची काकी कन्नडात पुढचे पद धरी. १९५६ साली राज्यांच्या सीमा आखल्या गेल्या, तरी जात्याची रीत बदलली नाही. त्यातले अक्षरही आम्ही शिकल्यासवरल्यांनी उतरून ठेवले नाही.

पुण्यात हे काम ज्यांनी केले, त्यांची आठवण म्हणूनच होते. फ्रान्सहून येऊन इथलेच झालेले गी पॉइटवाँ आणि हेमा राईरकर यांनी १९८० मध्ये ‘सेंटर फॉर को-ऑपरेटिव्ह रिसर्च इन सोशल सायन्सेस’ उभारले. पण केंद्राला वाट दाखवली ती मुळशी-मावळातल्या ‘गरीब डोंगरी संघटने’च्या बायांनी. कोणती ओवी कशापायी सुचते, हे विद्वानांना त्यांच्याकडूनच कळले. एक लाखाहून अधिक ओव्या जमल्या, आणि (हे मला फार मोलाचे वाटते) ओवीबरोबर गाणारीचे नाव-गाव नोंदले गेले. गी २००४ मध्ये वारले. २०१७ पासून हा ठेवा ‘पारी’ने लोकांपुढे आणला.

परवा काकींना विचारले. त्यांना दोन कन्नड पदे आठवली. ती देवनागरीत उतरून घेतली. आजीच्या ओव्या मात्र त्यांनाही सांगता आल्या नाहीत.