एक मतदारयादी

श्रोतेहो, मतदानाच्या दिवशी गावच्या शाळेपुढे लागणारी रांग आपण सर्वांनी पाहिली आहे. तिच्यात पाटील असतात, मुलाणी असतात, बौद्ध असतात, ख्रिस्ती मास्तरही असतात. यादी एक आणि यंत्रही एकच. यात विशेष ते काय, असे आपण म्हणाल. पण इंग्रजी अमदानीत कित्येक वर्षे आपल्या देशात धर्मावर याद्या वेगळ्या होत्या. एक यादी ही मिळवावी लागली, आणि तिच्या इतिहासातले एक मोठे पान आपल्या पुण्यात लिहिले गेले.

१९०६ च्या ऑक्टोबरात मुसलमान पुढाऱ्यांचे एक शिष्टमंडळ सिमल्यास व्हाईसरॉय लॉर्ड मिंटो यांना भेटले. त्याचे नेते आगाखान. पुण्यात नगर रस्त्यावर ज्यांचा राजवाडा आहे, तेच हे. आमचे प्रतिनिधी आमचे आम्ही निवडू, ही त्यांची मागणी १९०९ च्या कायद्याने मान्य झाली. यालाच विभक्त मतदारसंघ म्हणतात. या मागणीमागे भीती होती. संख्येने आम्ही थोडे, मतमोजणीत बुडून जाऊ, ही ती भीती. ती हसण्यावारी नेण्यासारखी नव्हती.

पण औषध कसले निघाले? मुसलमान उमेदवाराला हिंदू शेजाऱ्याच्या मताची गरज उरली नाही, आणि हिंदू उमेदवाराला मुसलमान शेजाऱ्याच्या मताची. ज्याच्या दारी मत मागायला जायचेच नाही, त्याच्या विहिरीला पाणी आहे की नाही, हे कोण विचारणार? उलट, आपल्याच लोकांपुढे जो अधिक ताठर बोलेल त्याची चलती होण्याची सोय झाली. १९१६ मध्ये लखनौला काँग्रेस आणि मुस्लिम लीग यांचा करार झाला. स्वराज्याची मागणी दोघांनी मिळून करावी म्हणून लोकमान्य टिळकांनी त्याला पाठिंबा दिला. हेतू एकीचा होता. पण याद्यांमधली भिंत तशीच राहिली.

मग १९३२ साल उजाडले. १६ ऑगस्टला ब्रिटिश पंतप्रधान रॅम्से मॅक्डोनल्ड यांनी जातीय निवाडा जाहीर केला. त्यात अस्पृश्य मानलेल्या समाजालाही विभक्त मतदारसंघ दिले होते. त्याविरुद्ध गांधीजींनी २० सप्टेंबरला येरवड्याच्या तुरुंगात उपोषण आरंभले. डॉ. आंबेडकरांचा सवाल मात्र रोकडा होता : सवर्णांच्या मतांवर निवडून आलेला माणूस आमचा कसा राहील? पाच वर्षांपूर्वी, १९२७ साली, ज्यांना महाडच्या चवदार तळ्याचे पाणी पिण्यासाठी सत्याग्रह करावा लागला, त्यांचा हा सवाल होता.

२४ सप्टेंबरला पुणे करार झाला. मतदारसंघ संयुक्त राहिले, आणि प्रांतिक विधिमंडळांतल्या राखीव जागा ७१ च्या १४८ झाल्या. हा करार उपोषणाच्या दडपणाखाली झाला आणि बाबासाहेबांनी पुढे त्यावर कडक टीका केली, हे आपण झाकून ठेवता कामा नये. एकत्र मतदान आणि दुर्बळाला हक्काची जागा, ही जोडी मात्र या करारातून पुढे आली.

धर्मावरच्या याद्या कायमच होत्या. १९४५-४६ च्या निवडणुकीत मध्यवर्ती कायदेमंडळातल्या मुसलमानांच्या तीसच्या तीस जागा लीगने जिंकल्या. मताचा अधिकारही तेव्हा थोड्यांनाच होता. पुढच्याच वर्षी देशाची फाळणी झाली. तिची कारणे अनेक आहेत; पण जवळजवळ चाळीस वर्षे वेगवेगळे मतदान करणाऱ्यांना एकत्र नांदण्याचा सराव कुठून असणार?

संविधान सभेने हा धडा घेतला. विभक्त मतदारसंघ तिने रद्द केले. धर्मावर राखीव जागा ठेवाव्यात का, हा प्रश्न मे १९४९ मध्ये आला, तेव्हा बेगम ऐजाज रसूल यांनी त्या नकोत म्हणून आग्रह धरला. राखीव जागांमुळे आपला समाज कायम वेगळा पडेल, असे त्यांचे म्हणणे होते. अखेर अनुच्छेद ३२५ ने ठरवून दिले की एका मतदारसंघाची यादी एकच असेल, आणि धर्म, वंश, जात किंवा लिंग यांवरून कुणाचेही नाव तिच्यातून वगळले जाणार नाही. मसुदा समितीचे अध्यक्ष होते डॉ. आंबेडकरच. अनुसूचित जातींना राखीव जागा मिळाल्या, पण मत सर्वांनी मिळून द्यायचे.

शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, नागरिकशास्त्राच्या तासाला मुलांना हे जरूर सांगा. एकी म्हणजे सर्वांनी सारखे होणे नव्हे. ज्याचा त्याचा देव, भाषा, सण त्याच्यापाशी राहो. पण नुसत्या एका यादीनेही भागत नाही. संख्येने जे जास्त आहेत, त्यांच्या वागणुकीतून थोड्यांना भरवसा वाटला पाहिजे. नाही तर १९०६ ची ती भीती पुन्हा डोके वर काढते. गावात पाणवठा, स्मशान, तालीम यांचा वाद निघाला, की पंचांनी आधी संख्या न मोजता न्याय पाहावा. भीती घालवण्याचा तोच खरा उपाय आहे.