ई-बीजक पाठवण्यापूर्वी खरेदीदाराची नोंदणी कशी तपासावी?

वस्तू आणि सेवा कर, म्हणजेच जीएसटी, १ जुलै २०१७ रोजी देशभर लागू झाला. १ ऑक्टोबर २०२० पासून ५०० कोटी रुपयांहून अधिक उलाढाल असलेल्या पुरवठादारांना इलेक्ट्रॉनिक बीजक, अर्थात ई-इन्व्हॉइस, बंधनकारक करण्यात आले. ही मर्यादा टप्प्याटप्प्याने खाली आणण्यात आली आणि १ ऑगस्ट २०२३ पासून ती ५ कोटी रुपये करण्यात आली. त्यामुळे मध्यम व्यापारीही या कक्षेत आले आहेत. समोरचा व्यापारी असे बीजक स्वीकारू शकतो का, हा प्रश्न त्यांच्याकडून वारंवार विचारला जातो.

सोलापूरच्या एखाद्या पुरवठादाराला बंगळुरूतील बसवनगुडी भागात, गांधी बाजारातील दुकानदारास चादरी पाठवायच्या आहेत, असे समजू. पुरवठादार बीजकाचा तपशील शासनमान्य नोंदणी पोर्टलवर सादर करतो. तेथे त्याला ६४ अक्षरांचा बीजक संदर्भ क्रमांक, म्हणजे आयआरएन, आणि क्यूआर कोड मिळतो. त्यानंतर बीजक छापील स्वरूपात किंवा ई-मेलने दुकानदाराकडे पाठवण्याचे काम पुरवठादारालाच करावे लागते. पोर्टल ते पोहोचवत नाही. त्यामुळे बीजक स्वीकारण्यासाठी दुकानदाराकडे विशेष संगणकप्रणाली असण्याची आवश्यकता नाही.

युरोपातील पद्धत वेगळी आहे. तेथील पेपोल या जाळ्यात प्रत्येक सहभागी संस्थेचा इलेक्ट्रॉनिक पत्ता असतो आणि बीजक पाठवण्यापूर्वी तो नोंदवला आहे का, हे पाहिले जाते. जर्मनीत १ जानेवारी २०२५ पासून देशांतर्गत व्यवसायांना ई-बीजक स्वीकारण्याची क्षमता ठेवणे बंधनकारक आहे. भारतात मात्र खरा प्रश्न खरेदीदाराचा जीएसटी क्रमांक अचूक आणि चालू आहे का, हा आहे.

गैरसमज कोठे होतो?

ई-इन्व्हॉइस पोर्टलवर एखादा जीएसटी क्रमांक ई-बीजकासाठी सक्षम आहे का, हे पाहण्याची सोय आहे. ही स्थिती त्या व्यापाऱ्याने स्वतः ई-बीजक काढण्यासंबंधीची असते, स्वीकारण्यासंबंधीची नव्हे. गांधी बाजारातील लहान दुकानदाराच्या क्रमांकापुढे तशी नोंद नसली, तरी त्याच्या नावे बीजक काढता येते आणि पुरवठादाराला लागू असल्यास ते काढावेच लागते.

काय तपासावे?

जीएसटी पोर्टलवरील करदाता शोध सुविधेत लॉग-इन न करता क्रमांक टाकता येतो. त्यात पुढील बाबी पाहाव्यात.

क्रमांकाची रचना : हा क्रमांक १५ अक्षरांचा असतो. पहिले दोन अंक राज्याचे, पुढील दहा अक्षरे पॅनची. कर्नाटकाचा संकेतांक २९, महाराष्ट्राचा २७ आणि गोव्याचा ३० आहे. पुण्यात मुख्यालय आणि बंगळुरूत शाखा असलेल्या संस्थेचा पॅन एकच असला, तरी जीएसटी क्रमांक दोन असतात. एकाऐवजी दुसरा पडल्यास कराचा प्रकार बदलू शकतो आणि कराची वजावट भलत्याच राज्यातील नोंदणीकडे जाते.

नोंदणीची स्थिती : नोंदणी चालू, निलंबित की रद्द, हे पाहावे. निलंबित असल्यास माल पाठवण्यापूर्वी खरेदीदाराकडून खुलासा घ्यावा. नुकत्याच नोंदलेल्या क्रमांकाची माहिती ई-इन्व्हॉइस पोर्टलवर दिसत नसेल, तर ती मुख्य जीएसटी पोर्टलवरून अद्ययावत करून घेता येते.

करदात्याचा प्रकार : कंपोझिशन योजनेतील खरेदीदारालाही ई-बीजक द्यावे लागते, परंतु त्याला कराची वजावट मिळत नाही. नोंदणी नसलेल्या ग्राहकासाठी ई-बीजक काढले जात नाही.

नाव आणि पत्ता : कायदेशीर नाव खरेदी आदेशाशी जुळवून पाहावे. पिनकोड राज्याशी जुळणे आवश्यक आहे. बसवनगुडीचा पिनकोड ५६०००४ आहे, त्याच्याबरोबर २७ हा संकेतांक दिल्यास पोर्टल बीजक नाकारते.

चूक राहिल्यास

पोर्टल क्रमांक चालू आहे का, हे पाहते. तो योग्य खरेदीदाराचा आहे का, हे त्याला कळत नाही. दुसऱ्याच व्यापाऱ्याचा चालू क्रमांक पडला, तर बीजक नोंदले जाते. नोंदलेल्या ई-बीजकात पोर्टलवर बदल करता येत नाही. ते २४ तासांच्या आत संपूर्ण रद्द करावे लागते आणि तोच बीजक क्रमांक पुन्हा वापरता येत नाही. मालाचे ई-वे बिल चालू असेल, तर आधी ते रद्द करावे लागते. २४ तास उलटल्यावर विवरणपत्रातील दुरुस्ती किंवा क्रेडिट नोट हाच मार्ग उरतो.

दरम्यान, बसवनगुडीच्या दुकानदाराने पुरवठादाराला कराची रक्कम दिलेली असली, तरी त्याच्या जीएसटीआर-२बी या विवरणात ते बीजक येत नाही आणि वजावट अडकते. परिणामी पुढील देयक थांबते आणि व्यवहारात कटुता येते. ई-बीजक बंधनकारक असताना संदर्भ क्रमांकाविना दिलेले बीजक नियम ४८ नुसार बीजकच मानले जात नाही. १० कोटी रुपये किंवा त्याहून अधिक उलाढाल असलेल्यांना १ एप्रिल २०२५ पासून बीजकाच्या तारखेपासून ३० दिवसांत नोंद करणे आवश्यक आहे. खरेदीदाराच्या योग्य क्रमांकाची वाट पाहताना ही मुदत उलटून जाऊ शकते.

म्हणून नव्या खरेदीदाराकडून जीएसटी नोंदणी प्रमाणपत्राची प्रत आधीच घ्यावी. जुन्या खरेदीदाराची नोंदणीही अधूनमधून पडताळावी, कारण मागील बीजकाच्या वेळी चालू असलेली नोंदणी आज रद्द झालेली असू शकते. खरेदीदारानेही बीजक हाती येताच क्यूआर कोड मोबाइल ॲपवर तपासावा. दोन्ही पक्षांचे जीएसटी क्रमांक, बीजकाची तारीख आणि रक्कम त्यात दिसते. चूक त्याच दिवशी कळवल्यास बीजक रद्द करून नवे काढण्यास अवधी मिळतो.