रंगरूटाच्या घरचा इतिहास

गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस एक पालक आमच्या महाविद्यालयाच्या स्टाफरूमच्या दाराशी येऊन उभे राहिले. त्यांचा मुलगा पहिल्या वर्षाला आमच्याकडे होता. वर्गातली त्याची हजेरी बेताचीच असे. परंतु सोळाशे मीटर अंतर साडेपाच मिनिटांत कापण्यासाठी पहाटे चार वाजता गावाबाहेरच्या रस्त्यावर धावणाऱ्या मुलांत तो एकही दिवस चुकला नव्हता. सैन्यभरतीत त्याची निवड झाली आणि तो बेळगावला प्रशिक्षणासाठी गेला. वडिलांचे तसे काही काम नव्हते. थोडा वेळ थांबून ते म्हणाले, "सतरा दिवस झालं, सर, फोन न्हाई. अठरा पुरी नव्हती म्हणून कागदावर सही म्या केली. आता त्याची आई इचारती, तुम्ही कशावर सही करून आला?"

मी त्यांना खुर्ची दिली, चहा मागवला आणि सुरुवातीच्या दिवसांत मुलांना फोन वापरू देत नाहीत, काळजीचे कारण नाही, असे सांगितले. ते माझ्या शब्दावर विसंबून गेले. मराठीच्या प्राध्यापकाला लष्करी प्रशिक्षणातले कितपत कळते, हा प्रश्न त्यांना पडला नाही. मला मात्र पडला. आणि मग लक्षात आले की सातारा-रत्नागिरीकडच्या गावांतून शंभर-सव्वाशे वर्षे अशीच माणसे अशाच कोणा मास्तरच्या दाराशी येऊन उभी राहत आली आहेत. मराठा पलटणींचा इतिहास लिहिला गेला आहे. तो वाचायला मिळतो. परंतु तो इतिहास रंगरूटाचे नाव पटावर चढते त्या क्षणी सुरू होतो. ज्या घरातून तो उठून आला त्या घरात त्यानंतर काय घडले, याची नोंद ठेवणे हे कोणत्याच कचेरीचे काम नव्हते.

ती नोंद शोधायची तर सैन्याकडे न जाता टपालखात्याकडे जावे लागते. हिंदुस्थानात पोस्टकार्ड आले ते १ जुलै १८७९ रोजी, पाव आण्याला एक. पुढल्याच वर्षी, १८८० मध्ये, टपालखात्याने मनीऑर्डर सुरू केली. घर सोडून दूर नोकरीला गेलेल्या माणसाचे गावाशी असलेले नाते या दोन गोष्टींनी बदलून टाकले. मुंबईच्या गिरणीतला कामगार वर्षातून एकदा शिमग्याला किंवा जत्रेला घरी येई, आणि त्याची खबर सांगणारे गाववाले अधूनमधून येतजात असत. छावणीत कवायत शिकणाऱ्या पोराची खबर आणणारे कोणी नसे. तेथे कार्ड आणि मनीऑर्डर एवढाच आधार होता. मनीऑर्डरच्या फॉर्मला मजकुरासाठी एक लहानसा तुकडा जोडलेला असे. पहिल्या महायुद्धाच्या काळात शिपायाचा पगार महिना ११ रुपये होता; त्यातून वाचवून धाडलेल्या चार-पाच रुपयांसोबत येणाऱ्या त्या तुकड्यावर दोन ओळीही मावत नसत. पण रुपये आले याचाच अर्थ पोरगा हातीपायी धड आहे, असा घरचा हिशेब असे. बातमी आणि धान्याचे पैसे एकाच कागदावरून येत, आणि बापाचा अंगठाही त्याच कागदावर उठे.

माझ्या आजीचा थोरला भाऊ १९४२ साली बेळगावला भरती झाला. आजीची आई निरक्षर होती. मुलगाही जेमतेम सहीपुरता शिकलेला; त्याची कार्डे बरॅकीतला कोणी सोबती लिहून देई. इकडे ती गावच्या शाळेतले मास्तर वाचून दाखवत. म्हणजे आई आणि मुलगा यांच्यामध्ये दोन परकी माणसे, आणि मास्तरांच्या ओट्यावर बसलेली आणखी चार. अशा पत्रात मनातले काय लिहिणार, आणि काय विचारणार? "शिरसाष्टांग नमस्कार विनंती विशेष" इथपासून "येथील सर्व खुशाल, तुमची खुशाली कळवणे" इथपर्यंतचा मजकूर ठरलेला. आजी सांगे की एकदा कार्ड आले तेव्हा मास्तरांनी वाचायच्या आधीच तिच्या आईने ते हातात घेऊन न्याहाळले आणि ती म्हणाली, हे नेहमीच्या लिहिणाऱ्याचे अक्षर नाही. तिला एक अक्षर वाचता येत नव्हते. पण अक्षराचे वळण ती ओळखत होती. लिहून देणारा सोबती बदलला म्हणजे मुलाची बरॅक बदलली, की तो इस्पितळात आहे, की त्यांची तुकडी पुढे निघाली? मजकुरात तर सर्व खुशालच होते. पुढे कळले, की लिहिणारा सोबतीच तापाने पडला होता.

या "सर्व खुशाल"विषयी थोडे थांबून विचार केला पाहिजे. आपण तो पत्रलेखनाचा साचा मानून पुढे जातो. वास्तविक दोन्ही बाजूंनी फार विचारपूर्वक वापरलेला तो शब्द आहे. मुलगा पायाला आलेले फोड, उस्तादाचे बोल, रात्री येणारी घरची आठवण लिहीत नसे. घर बैल मेल्याचे, बहिणीचे लग्न मोडल्याचे, सावकार दारात बसल्याचे कळवत नसे. रंगरूट तिकडे कवायत शिकत असताना इकडे घरही एक शिस्त शिकत होते, आणि ती न सांगण्याची होती. आईबापांनी हे दिवस कसे काढले, याचे माझ्या समजुतीप्रमाणे उत्तर येथे आहे. नवस, उपवास, देवाला कौल लावणे हे होतेच. पण रोजचा आधार म्हणजे आपले दुःख त्याच्यापर्यंत पोहोचू न देणे. जो मुलगा आता आपल्या हातात नाही त्याच्यासाठी करता येण्यासारखे तेवढेच एक काम उरलेले होते.

या मौनाला सर्वांत मोठी कसोटी लागली ती पहिल्या महायुद्धात. जनरल टाउनशेंडच्या हाताखालची सहावी, म्हणजे पुणे डिव्हिजन ७ डिसेंबर १९१५ पासून २९ एप्रिल १९१६ पर्यंत मेसोपोटेमियातील कूत येथे वेढ्यात अडकून पडली. तिच्यात १०३वी, ११०वी आणि ११७वी अशा तीन मराठा पलटणी होत्या. सुमारे पाच महिने कार्ड नाही, मनीऑर्डर नाही. नंतर शरणागती, आणि वाळवंटातून कैद्यांची ती जीवघेणी पायपीट. पलटणींची पोकळी भरण्यासाठी नव्या रंगरूटांना घाईने तयार करावे लागत होते. तेव्हा ज्यांचा मुलगा अजून कवायतीच्या मैदानावरच होता, त्यांच्या वाट पाहण्याला वेगळाच पीळ पडला असणार. एरवी शिक्षण लवकर संपावे असे वाटते. त्या वर्षी ते लांबावे असे वाटले असेल.

त्या काळच्या घरांचे काही आवाज अभिलेखागारांत उरले आहेत, तेही सरकारच्या संशयामुळे. फ्रान्समधील हिंदी सैनिकांची पत्रे तपासण्यासाठी बोलोन येथे सेन्सॉरची कचेरी होती. जाणारी पत्रे तेथे वाचली जात, घरून आलेलीही. निवडक उतारे इंग्रजीत भाषांतरित करून अहवालांना जोडले जात. ते अहवाल आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत. त्यांतली बहुतेक पत्रे पंजाब आणि सरहद्दीकडची, मराठी थोडी. एका आईने मास्तरांकडून लिहवून घेतलेला मजकूर, सेन्सॉरने निवडलेला, परभाषेत गेलेला: वाट पाहणाऱ्यांच्या इतिहासाची साधने ही अशी आहेत. गावाला मिळाले ते दगडी फलक. या गावातून इतके गेले, इतके परत आले नाहीत, एवढाच मजकूर त्यांच्यापैकी अनेकांवर आहे. सातारा जिल्ह्यातील अपशिंगे या गावाच्या नावालाच "मिलिटरी" हा शब्द जोडला गेला. महायुद्धाची गोष्ट निघाली की तेथे ४६ हा आकडा सांगितला जातो. आकड्यामागे नावे असतात आणि नावांमागे घरे, पण फलकाचा मजकूर आकड्यापाशीच थांबतो.

मात्र या इतिहासाला दुसरीही एक बाजू आहे, आणि ती सांगितल्याशिवाय तो प्रामाणिक होणार नाही. काही घरांना हे वाट पाहणेसुद्धा नाकारले गेले होते. ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई फौजेत महार शिपाई पिढ्यान्‌पिढ्या होते. १८९०च्या दशकात "लढाऊ जमाती"च्या सिद्धांतापायी त्यांची भरती बंद झाली. गोपाळबाबा वलंगकरांनी १८९४ मध्ये त्याविरुद्ध अर्ज तयार केला. १९१० मध्ये शिवराम जानबा कांबळे यांनी भारतमंत्र्यांकडे दाद मागितली. या अर्जांकडे आपण हक्कांच्या लढ्याचे दस्तऐवज म्हणून पाहतो, आणि ते योग्यच आहे. पण ते बापांनी लिहिलेले कागदही आहेत. पेन्शनीत निघालेल्या सुभेदार-जमादाराला आपला मुलगा छावणीत जाऊन धडे गिरवील, त्याची मनीऑर्डर येईल, त्याच्या मुलांना पलटणीची शाळा मिळेल, ही आशा होती. ती आशाच काढून घेतली गेली. १९१७ मध्ये महायुद्धाच्या गरजेने १११वी महार पलटण उभी राहिली आणि १९२१ मध्ये मोडली गेली. अखेर १९४१ मध्ये महार रेजिमेंट उभी राहिली, तीही बेळगावातच. मुलाच्या काळजीने रात्र जागून काढणे हेसुद्धा ज्यांना अर्ज करून मागावे लागले, त्यांची आठवण ठेवली म्हणजे या विषयावर नुसते हळवे होऊन लिहिता येत नाही.

मराठा पलटणींचे प्रशिक्षण बेळगावला स्थिरावले ते १९२२च्या पुनर्रचनेनंतर. तेव्हापासून कोकण-देशावरच्या घरांत "बेळगावला गेला" या दोन शब्दांत सारे समजते. या गावाचे एक मोठे सुख म्हणजे ते नकाशावर आहे, एस.टी.ने जाता येते. प्रशिक्षण संपले की मुलाचा पत्ता आकड्यांचा होतो. १९४८ मध्ये सुरू झालेले ५६ ए.पी.ओ. हे कोणत्याही गावाचे नाव नाही. पत्र नेमके कुठे जाते, हे पाठवणाऱ्याला कळू नये हाच त्याचा हेतू. प्रशिक्षणाचे महिने आईबापांना कठीण जातात खरे. पण मुलगा नेमका कुठे आहे हे त्यांना ठाऊक असण्याचे बहुधा ते शेवटचे महिने असतात.

आता कार्ड नाही आणि तारही नाही. तार आली की वाचण्याआधीच घरात रडे सुरू होई. ती सेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली. खिशात फोन आला, म्हणून वाट पाहणे सुसह्य झाले असेल असे वाटते. घडले उलटेच. पूर्वी पंधरा दिवस कार्ड आले नाही तरी टपालाला उशीर झाला असे म्हणता येई. आज फोन लागत नाही म्हणजे काहीतरी झाले, असेच मन घेते. जून २०२२ मध्ये जाहीर झालेल्या अग्निपथ योजनेने या काळजीला आणखी एक पदर जोडला. वय साडेसतरापासून, सहा महिन्यांचे प्रशिक्षण धरून चार वर्षांची नोकरी, आणि त्यानंतर जास्तीत जास्त पंचवीस टक्क्यांना कायम होण्याची संधी, अशी ती घोषणा होती. आजवरचे आईबाप मुलगा सुखरूप परत यावा म्हणून देव पाण्यात घालून बसत. आताच्यांना तो चार वर्षांनी परत येईल हीसुद्धा काळजी आहे. मुलींचे आईबापही आता या रांगेत आहेत: ३० मे २०२५ रोजी खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतून १७ मुलींची पहिली तुकडी बाहेर पडली.

एक गोष्ट मात्र बदलली आहे. अनेक रेजिमेंटल केंद्रांत दीक्षान्त संचलनाच्या दिवशी जवानाच्या आईवडिलांना "गौरव पदक" दिले जाते. नऊवारीतल्या आईच्या पदराला ते पदक लावलेले छायाचित्र अलीकडे आमच्या भागातल्या घराघरांतून दिसते. दगडी फलकाला जे माहीत नव्हते ते या छोट्या बिल्ल्याला माहीत आहे. त्याने सारी भरपाई होते असे नाही. पण सैन्याच्या समारंभात घराला जागा मिळाली, ही नोंद इतिहासाने घ्यायला हवी.

आमच्या त्या पालकांना फोन आला तो विसाव्या दिवशी. ते मुद्दाम सांगायला आले. तीन मिनिटे बोलणे झाले. आवाज जरा बसलेला वाटला, पण बरा आहे म्हणाला. आईशी बोलला, धाकट्या बहिणीशी बोलला, आणि म्हैस कशी आहे ते विचारले.

"मग काय सांगितलंत?" मी विचारले.

"बरी हाय म्हणालो." ते क्षणभर थांबले. "गेल्या आठवड्यात इकली, सर. त्याच्या जाण्यायेण्याला आन् दवाखान्याला पैसं लागलं. आत्ता नको. परेडीला जाऊ तवा सांगीन."