आवाज गेल्याची साक्ष

जयपूर-अत्रौली घराण्याचे गायक अल्लादिया खाँसाहेब यांनी म्हातारपणी मुंबईत आपल्या आठवणी नातवाला, अझीझुद्दीन खाँना, उर्दूत सांगितल्या. खाँसाहेब १६ मार्च १९४६ रोजी वारले. नातवाने टिपून ठेवलेली ही हकिकत बऱ्याच वर्षांनी अमलान दासगुप्त आणि ऊर्मिला भिर्डीकर यांच्या इंग्रजी अनुवादातून छापली गेली. मराठी वाचकाला खाँसाहेब त्याआधीच भेटले होते ते गोविंदराव टेंब्यांनी लिहिलेल्या चरित्रातून. गाणाऱ्याचा आवाज गेला, गळ्यात नेमके काय बिघडले ते कुणाला नीट सांगता आले नाही आणि तो परत आला तो बदलून आला, अशा प्रसंगाची महाराष्ट्राला चांगली ठाऊक असलेली नोंद खाँसाहेबांची आहे.

प्रसंग थोडक्यात असा. खाँसाहेबांचा जन्म १८५५चा, जयपूर संस्थानातल्या उणियाऱ्याचा. तरुणपणी ते अमलेटा नावाच्या एका लहान संस्थानात नोकरीला होते. तिथल्या अधिपतीला गाण्याचा विलक्षण नाद, त्यामुळे रोज तासन्‌तास गावे लागे. या अतिश्रमाने आवाज गेला. जवळजवळ दोन वर्षे तो धड लागेना. पुढे मेहनतीने परत आला, पण पहिला गोडवा आणि पहिली लवचीकता गेली ती गेलीच. १८९५च्या सुमारास ते शाहू महाराजांच्या पदरी कोल्हापुरास आले, तेव्हा त्यांच्याजवळ हा दुसरा आवाज होता.

इथे पुरावा तपासायला थांबले पाहिजे. खाँसाहेबांच्या गाण्याचे ध्वनिमुद्रण उपलब्ध नाही. महाराष्ट्रात त्यांच्या आवाजाविषयी ज्यांनी लिहिले, सांगितले, त्यांनी त्यांना ऐकले ते अमलेट्यानंतर. टेंब्यांचा जन्मच १८८१चा. गायक भास्करबुवा बखले १८६९चे, पण तेही खाँसाहेबांकडे आले ते पुष्कळ नंतर. म्हणजे पहिला आवाज किती गोड होता याला आपल्या बाजूचा स्वतंत्र साक्षीदार नाही. ती साक्ष मुळात खुद्द खाँसाहेबांची, आणि तीही घटनेनंतर अनेक दशकांनी दिलेली. तरीही मला ती विश्वासार्ह वाटते. ज्या माणसाने उभी हयात स्वरावर काढली त्याला आपल्या गळ्यातला फरक कळत नव्हता असे मानायला काहीच आधार नाही. शिवाय ही कबुली त्यांना मोठेपणा देणारी नव्हती. कुठल्या उस्तादाला आपला आवाज बिघडल्याचे नातवाकडून लिहवून ठेवावेसे वाटेल?

या हकिकतीवर पुढे एक इमला चढवला गेला. आवाजातला गोडवा गेला म्हणून खाँसाहेबांनी गुंतागुंतीची, लयीशी बांधलेली, आकारातून उलगडणारी गायकी घडवली आणि त्यातून जयपूर-अत्रौली घराणे उभे राहिले, असे सर्रास सांगितले जाते. मला हे अर्धेच पटते. खाँसाहेबांचे शिक्षण चुलते जहाँगीर खाँ यांच्याकडे झाले, आधी वर्षानुवर्षे ध्रुपदाचे आणि मग ख्यालाचे. गमकेचे वजन आणि लयीची जाण त्या तालमीतूनच आलेली होती. दुखावलेल्या गळ्याने जवळ असलेल्या सामग्रीतून निवड करायला लावली असेल, सामग्री निर्माण केली नसेल. त्यांच्या शिष्या केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर यांच्या वेगळ्या गळ्यांतही ती गायकी फुलली, हेही विसरता येत नाही.

या हकिकतीच्या आपल्यापर्यंत आलेल्या रूपात गाण्याचे तास आहेत, मालकाची हौस आहे, परत केलेली मेहनत आहे. रोगाचे नाव नाही. खटकते ते हे: मानेचा, हनुवटीखालच्या ताणाचा, गिळताना किंवा वरचा षड्ज घेताना नेमके कुठे दुखत होते याचा विचारच कुणी केलेला दिसत नाही. आवाजाचे काय झाले ते सगळे सांगतात, गळ्याचे काय झाले ते राहून जाते.

त्या काळी कुणी शोधायला निघालेच असते तर हाताशी काय होते? मॅन्युएल गार्सिया या गायनशिक्षकाने १८५४ साली दंतवैद्याचा छोटा आरसा घशात धरून, उन्हाचा कवडसा टाकून, स्वतःच्या स्वरतंतूंची हालचाल पाहिली आणि १८५५ साली लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे ती मांडली. गार्सियाचा स्वतःचा आवाज तरुणपणीच बिघडून त्याला रंगभूमी सोडावी लागली होती. १८७८ साली ओर्टेलने लुकलुकत्या प्रकाशात तंतूंची कंपने पाहण्याची युक्ती काढली. क्ष-किरण सापडले ते १८९५ साली, खाँसाहेब कोल्हापुरास आले त्याच सुमारास. आरसा युरोपात वापरात आला होता, अमलेट्यात तो असण्याचा संभव फारच कमी. असता तरी त्यात तंतूंच्या गाठी दिसल्या असत्या, सूज दिसली असती. मानेतले स्नायू त्यात दिसत नाहीत.

दुखणे पुष्कळदा तिथेच असते. जिभेच्या मुळाशी घोड्याच्या नालाच्या आकाराचे एक हाड आहे, कंठिका. शरीरातल्या दुसऱ्या कुठल्याही हाडाशी त्याचा सांधा नाही. स्नायूंनी आणि अस्थिबंधांनी तोलून धरलेले ते हाड, आणि त्याखाली टांगलेली स्वरपेटी. जाणकार तपासनीस अंगठा आणि तर्जनी या हाडाच्या आणि कंठमण्याच्या मधल्या फटीत दोन्ही बाजूंनी ठेवतो आणि रुग्णाला आधी गप्प बसायला, मग 'आ' लावायला सांगतो. ताणलेल्या गळ्यात ती फट जवळजवळ मिटते, आणि बोटाच्या हलक्या दाबानेही माणूस कळवळतो. दुर्बीण घालून पाहिले तर तंतू मात्र स्वच्छ असू शकतात. स्नायूंच्या ताणामुळे आवाज बिघडण्याला स्वतंत्र नाव मिळाले ते १९८०च्या दशकात. त्याआधी, १९३७ साली, अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाच्या वॉट ईगल यांनी आणखी एक कारण मांडले होते: कानाखालून निघणारे सुईसारखे हाड नेहमीच्या अडीच सेंटिमीटरांहून बरेच लांब वाढले की घशात काहीतरी अडकल्यासारखे वाटते, गिळताना दुखते, कळ मानेतून कानापर्यंत जाते. क्ष-किरणावर ते हाड दिसते, पण ते पाहायचे आहे हे आधी कुणाच्या तरी डोक्यात यावे लागते.

यांतले कोणतेही निदान खाँसाहेबांना चिकटवू नये. दोन वर्षांचा कालावधी आणि कायमचा फरक एवढ्या दोन गोष्टींत तंतूवरचा व्रणही बसतो, स्नायूंचा ताणही बसतो, दोन्ही मिळूनही बसतात.

याच घराण्यात दोन पिढ्यांनी तसेच पुन्हा घडले. मोगूबाईंच्या कन्या किशोरी आमोणकर यांचा आवाज पंचविशीच्या सुमारास गेला. जन्म १९३०च्या दशकाच्या आरंभीचा, तेव्हा ही घटना १९५०च्या दशकाच्या उत्तरार्धातली. तो परत आला याचे श्रेय त्यांनी पुण्याच्या सरदेशमुख महाराजांच्या आयुर्वेदिक उपचारांना दिले, आणि आवाज नव्हता त्या काळात गाणे मनातल्या मनात चालू होते, विचार चालू होता, असे त्या सांगत. इथे निदान एक ठोस टप्पा हाती लागतो: व्ही. शांताराम यांच्या १९६४च्या 'गीत गाया पत्थरोंने'चे शीर्षकगीत त्यांनी गायले. तोवर आवाज परतला होता याची ती मुद्रित साक्ष. उपचाराने गुण आला की सक्तीच्या विश्रांतीने, की दोहोंनी, हे त्यावरून ठरत नाही. विश्रांती मात्र दोन्ही हकिकतींत आहे, एकदा नाइलाजाने आणि एकदा उपचारासोबत.

दरम्यान मुंबईत उत्तरे शोधण्याचे काम गाणाऱ्यांनीच हाती घेतले होते. प्रा. बी. आर. देवधरांनी १९२५ साली ऑपेरा हाऊसजवळ संगीतशाळा काढली आणि आवाज कसा तयार होतो, कसा बिघडतो याचा शरीरशास्त्राच्या अंगाने अभ्यास केला. त्यांच्याकडून ती दृष्टी अशोक दा. रानड्यांनी घेतली. १९६८पासून मुंबई विद्यापीठाच्या संगीत केंद्राचे संचालक असताना आणि नंतरही रानडे गायकांइतकेच नटांच्या आणि निवेदकांच्या आवाजावर काम करत राहिले. नायर रुग्णालयात वाचोपचाराचे शिक्षण १९६०च्या दशकात सुरू झाले. घराण्यात 'रियाज कमी पडला' म्हणून ज्याची बोळवण व्हायची, त्याच्याकडे शरीराची तक्रार म्हणून पाहणारी माणसे इथे होती. हा बदल मला फार मोलाचा वाटतो.

आज अंधेरीत, ओशिवरा-वर्सोव्याच्या डबिंग खोल्यांत आणि पूर्वेला मरोळ-चकाल्याच्या कॉल सेंटरांत, आवाजावर पोट असलेली माणसे शेकड्यांनी काम करतात. शाळांतल्या शिक्षिका वेगळ्याच. मान आणि गळा महिनोन्‌महिने दुखतो म्हणून जो दवाखान्यांच्या पायऱ्या चढतो, त्याची फाईल जाड होत जाते: दुर्बिणीचा अहवाल, मानेचा एमआरआय, थायरॉईडची सोनोग्राफी, आम्लपित्ताच्या गोळ्यांची चिठ्ठी. बहुतेक कागदांवर 'नॉर्मल'. खाँसाहेबांच्या हकिकतीत नेमकी उलटी स्थिती आहे. तिथे एकही तपासणी नाही, पण कोणाकडे गात होतो, रोज किती वेळ, आवाज कधी गेला, परत यायला किती काळ लागला आणि परत आल्यावर काय कमी होते, हे सारे आहे. कंठिकेवर बोट ठेवणाऱ्या डॉक्टरला किंवा वाचोपचारतज्ज्ञाला पहिल्या भेटीत हेच विचारायचे असते. अंधेरीच्या त्या जाड फायलीत बहुधा हाच कागद नसतो, आणि तो लिहायला रुग्णाखेरीज दुसरे कुणी नाही.